मोगऱ्यावरची अळी आणि तेराव्या अध्यायातली अहिंसा



चैत्र निम्मा सरला की बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. मोगरा कळ्यांनी भरतो, आणि त्या कळ्यांवर हक्क सांगणारे बाकीचे जीवही हजर होतात. एखादी कळी उमलायच्या आधीच तपकिरी पडते. जवळ घेऊन बघावं तर बारीकसं छिद्र आणि आत हिरवट अळी. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण बसलेला असतो. कढीपत्त्याची पानं रातोरात निम्मी झालेली असतात. उन्हाचा तडाखा वाढला की लाल कोळी पानांच्या मागे बारीक जाळी विणायला लागतात.

आणि मग जो माणूस सकाळी देवपूजेसाठी फुलं काढायला जातो, त्याच्या मनात एक प्रश्न येतोच. ही फुलं मी देवासाठी वाढवतोय. ती वाचवण्यासाठी अळी मारली, तर ते पाप का? आणि नाही मारली, तर देवाला काय वाहायचं?

प्रश्न छोटा वाटतो. पण आपण रोज अहिंसेबद्दल वाचतो, बोलतो, आणि तो शब्द प्रत्यक्ष हाताला कधी लागतो तर तो असाच, एखाद्या कुंडीशी. म्हणून आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या सातव्या श्लोकावर.

हा शब्द कुठे बसलाय ते आधी बघू

या श्लोकापासून भगवंत एक यादी सांगायला लागतात. तिच्यात अहिंसा आहे, क्षमा आहे, शुचिता आहे, स्थैर्य आहे. यादी संपल्यावर ते म्हणतात की या सगळ्याला ज्ञान म्हणायचं, आणि याच्या उलट जे आहे ते अज्ञान.

इथे जरा थांबायला हवं. आपण अहिंसेला भावना समजतो. मन मऊ असलं, दया आली, की झाली अहिंसा. पण गीता तिला ज्ञानाच्या रकान्यात टाकते. म्हणजे नुसतं वाईट वाटणं पुरत नाही, काहीतरी कळावं लागतं.

दुसरी गोष्ट, यादीतला क्रम. अहिंसा पहिली नाही, तिसरी आहे. तिच्या आधी अमानित्व आणि अदंभित्व. म्हणजे आधी मोठेपणाची हाव सोडायची, मग देखावा सोडायचा, आणि त्यानंतर अहिंसा. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्ञानेश्वर माऊलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. या एका शब्दावर त्यांनी केवढं तरी थांबून लिहिलंय. अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, त्याचे हात कसे असतात, हे सगळं ते दाखवतात. पाऊल टाकायच्या आधी तो खाली काय आहे ते बघतो, आणि त्याचं चालणं इतकं हलकं असतं की पायाखालच्या जिवालाही त्याचा त्रास होऊ नये. पण हे सगळं सांगायच्या आधी माऊली एक अवघड गोष्टही बोलून दाखवतात. औषधासाठी कुठल्या झाडाची मुळं खणली जातात, कुठल्याची साल सोलली जाते. एक जीव वाचवायला दुसरा जीव खर्ची पडतो, आणि आपण त्याला उपकार म्हणतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी हा हिशोब मांडून ठेवलाय.

आपल्या मोगऱ्याचा प्रश्न याच हिशोबातला आहे.

आधी ओळख, मग हात

आता अहिंसा हे ज्ञान कसं, ते बागेतच बघू.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे. त्याच्याच शेजारी, त्याच्यासारखाच पांढरे मेणाचे दोरे अंगावर घेतलेला, पण आकाराने मोठा आणि भराभर चालणारा एक किडा दिसतो. पहिली प्रतिक्रिया काय होते? अरे, हा तर सगळ्यांचा बाप! चिरडा याला आधी. पण तो क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असू शकतो, म्हणजे लेडीबर्डच्या कुळातला. त्याचं अन्नच मुळी पिठ्या ढेकूण. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातला, १८९८ साली कीड आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम भारतात आणलेला. म्हणजे ज्याला शत्रू समजून चिरडणार होतो, तो आपलंच काम करायला आलेला होता. इथे हिंसा रागामुळे होत नाही. ती ओळख नसल्यामुळे होते.

कढीपत्त्याचंही तसंच. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. नीट बघा, ती अळी असते. चार दिवसांनी ती हिरवीगार होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते, उग्र वास सोडते. हा तिचा बिचारीचा सगळा शस्त्रसाठा. ती लाईम बटरफ्लायची किंवा कॉमन मॉरमॉनची अळी असते. लिंबू, कढीपत्ता या कुळातल्या झाडांवरच यांचं बालपण जातं. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलं, त्या ब्लू मॉरमॉनची अळीही याच कुळातल्या झाडांची पानं खाऊन वाढते. फुलपाखरू दिसलं की आपण मोबाईल काढतो, स्टेटसला टाकतो. त्याच फुलपाखराचं लहानपण दिसलं की स्प्रे काढतो. जीव तोच. आपल्याला फक्त त्याचा एक टप्पा आवडतो, दुसरा आवडत नाही.

आणि हा जो छोटासा शिंजीर रोज सकाळी जास्वंदीवर येऊन लोंबकळतो ना, तो मध पितो हे आपल्याला माहीत असतं. पण पिल्लांना तो मध भरवत नाही, किडे आणि कोळी भरवतो. घरट्याची वीणसुद्धा कोळ्याच्या जाळ्याने घट्ट करतो. बागेतला किडा न् किडा संपवला आणि मग शिंजीर का येत नाही म्हणून हळहळलो, तर दोष कुणाचा?

म्हणून पहिली पायरी एकच. हात उचलायच्या आधी दोन मिनिटं बघणं. माऊलींचा अहिंसक माणूस पाऊल टाकण्याआधी खाली बघतो, ते हेच. आपल्या कामात बग सापडला की कोड उडवण्याआधी आपण लॉग वाचतो, बरोबर? मग जिवंत प्राण्याच्या बाबतीत तेवढाही धीर नको?

"पण गीतेने तर लढायला सांगितलंय!"

हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. अर्जुनालाही दया आली होती, भगवंतांनी ती झटकायला लावली, मग अळीबद्दल काय एवढं?

यावर एकच आठवण पुरेशी आहे. कुरुक्षेत्राच्या आधी उद्योगपर्व आहे. स्वतः श्रीकृष्ण शिष्टाईला हस्तिनापूरला गेले. पांडवांची मागणी शेवटी पाच गावांवर येऊन थांबली होती. युद्ध झालं ते बाकीचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर. शिष्टाई गाळून थेट शस्त्रावर येणारा माणूस गीतेचा आधार घेऊ शकत नाही.

आपल्याकडे साम, दान, भेद, दंड ही चार पावलं सांगितली आहेत. राजनीतीतली आहेत, पण कुंड्यांना चपखल बसतात.

साम म्हणजे समजुतीने. मावा दिसला, लाल कोळी दिसले, तर पहिल्यांदा नुसत्या पाण्याची जोरदार फवारणी, पानांच्या मागच्या बाजूने. लाल कोळ्यांना कोरडी गरम हवा मानवते, ओलावा मानवत नाही. पानं दोन-तीन दिवसांआड धुतली की त्यांचा जोर पुष्कळ कमी होतो. झाडाला पुरेसं ऊन, पुरेसं पाणी, दोन कुंड्यांमध्ये हवा खेळायला जागा, हेही साममध्येच आलं. अशक्त झाडाला कीड जास्त छळते.

दान म्हणजे वाटा देणं. कढीपत्त्याची एक फांदी अळ्यांची. दोन-तीन आठवडे त्या खातील, मग कोष करतील, मग उडून जातील. झाडाला पुन्हा पालवी येते. आपल्या आमटीचं काही अडत नाही. झाड अगदीच लहान असेल तर एखादं रोप त्यांच्यासाठी वेगळंच लावा.

भेद म्हणजे युती तोडणं. पिठ्या ढेकूण आणि मुंग्या यांची युती असते. ढेकूण गोड चिकट द्रव सोडतो, मुंग्या तो पितात, आणि बदल्यात त्याचं शत्रूंपासून रक्षण करतात, त्याला इकडून तिकडे हलवतातसुद्धा. मुंग्यांची वाट अडवली की लेडीबर्डला मोकळं रान मिळतं. कुंडी छोट्या स्टँडवर ठेवून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवले तरी काम होतं. फक्त त्या वाट्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून कोरड्या करायच्या, नाहीतर डासांची सोय होते. सरकार कोरडा दिवस पाळायला सांगतं तो याचसाठी. आणि बघा, इथे अहिंसेचं सगळ्यात चांगलं रूप दिसतं. अंडी घालायला साचलेलं पाणीच मिळालं नाही, तर मारायची वेळच येत नाही.

दंड शेवटी. किडलेली कळी खुडून टाकणं, ढेकूण जुन्या ब्रशने काढणं, आणि तरीही आवरत नसेल तर निंबोळी तेल. एक लिटर पाण्यात पाच मिली, सोबत साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब, आणि तेही संध्याकाळी, कारण दिवसा फुलांवर मधमाश्या असतात आणि कडक उन्हात पानं करपतात.

निंबोळी सात्त्विक असते का?

आता जरा स्वतःशी प्रामाणिक होऊ. आपल्यातले बरेच जण इथे येऊन निर्धास्त होतात. ऑर्गॅनिक आहे ना, मग झालं.

निंबोळीतला मुख्य घटक किड्याची भूक मारतो आणि त्याचं कात टाकणं बिघडवतो. किडा खाणं सोडतो, वाढू शकत नाही, मरतो. बाटलीवर हिरवं पान छापलेलं असलं म्हणून त्याला बरं वाटत असेल असं नाही. फरक आहे, आणि तो खरा आहे. निंबोळीचा परिणाम लवकर ओसरतो, आणि बेताने वापरली तर इतर जिवांना इजा कमी होते. जहाल कीटकनाशकाने लेडीबर्डसारखे मित्रही मरतात आणि कीड पुन्हा दुप्पट जोमाने येते. म्हणजे निंबोळीत हिंसा कमी आहे. नाही असं नाही.

आपल्या परंपरेने हे झाकून ठेवलेलं नाही. स्मृतिग्रंथांमध्ये पंचसूना असा शब्द आहे. गृहस्थाच्या घरातल्या पाच वध्यभूमी : चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचं भांडं. दळताना, कांडताना, झाडताना, चूल पेटवताना, पाणी भरताना जीव मरतात. संसार करायचा तर हे टळत नाही. मग परंपरा काय सांगते? संसार सोड, असं नाही. काही होत नाही, असंही नाही. ती सांगते की तू रोज घेतोस, तर रोज परतही दे. म्हणून पंचमहायज्ञ आले आणि त्यांत भूतयज्ञ आला, म्हणजे सगळ्या प्राणिमात्रांसाठी काढून ठेवलेला वाटा. आजोबा जेवायला बसताना ताटाबाहेर भाताच्या चित्राहुती ठेवायचे, त्यांतली शेवटची सगळ्या भूतमात्रांच्या नावाने असते. गोग्रास, काकबळी यांमागेही हाच भाव.

मला यातला खरेपणा फार आवडतो. तू निष्पाप आहेस, असं परंपरा म्हणत नाही. तू ऋणी आहेस, असं म्हणते. निष्पाप असल्याच्या भ्रमात माणूस बघणं बंद करतो. ऋणाची जाणीव असली की हात आवरतो.

अरणच्या सावता महाराजांना आठवा. ज्यांना आपल्या मळ्यातच विठ्ठल दिसला, असे हे संत. पण मळा म्हटला की खुरपणी आली, तण उपटणं आलं. हातात खुरपं आणि मुखात विठ्ठल, दोन्ही एकाच वेळी. खुरपं टाकून दिलं तरच भक्ती, असं त्यांचं आयुष्य सांगत नाही.

आपण न पाहिलेली फवारणी

आता तो क्रम आठवा. अमानित्व, अदंभित्व, मग अहिंसा.

"मी तर मुंगीसुद्धा मारत नाही," असं म्हणणारा माणूस बाजारातून काय आणतो? एकही भोक नसलेला कोबी. एकही डाग नसलेली गुलाबाची फुलं. देव्हाऱ्यातल्या निरांजनाची वात कापसाची असते, आणि तो कापूस कुठल्यातरी शेतात फवारणी होऊनच आलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. ही माणसं होती, अळ्या नव्हत्या.

माझ्या हाताने झालं नाही म्हणजे मी केलं नाही, हे गणित कुठे चुकतं ते इथे दिसतं. आपल्या क्षेत्रात आपण काम आउटसोर्स करतो. हिंसाही तशीच बाहेर देता येते, आणि मग आपले हात स्वच्छ राहतात. पण हाताची स्वच्छता म्हणजे अहिंसा नव्हे. भगवंतांनी अदंभित्व अहिंसेच्या आधी ठेवलं, ते मला इथे कळतं. स्वतःपासून लपवाछपवी करणाऱ्याची अहिंसा नुसता देखावा होते.

यात शेतकऱ्याला दोष देण्याचा प्रश्नच नाही. माझ्या कुंडीतल्या दहा कळ्या किडल्या तर माझं काय जातं? त्याची बोंडं किडली तर वर्ष जातं, कर्ज अंगावर येतं. दान करायची चैन मला परवडते, त्याला प्रत्येक वेळी परवडत नाही. म्हणून तर ते आधी मी करायला हवं. आणि बाजारात भोक पडलेलं पान दिसलं की जुडी परत टाकायची सवयही मलाच सोडायला हवी, कारण बिनडाग भाजीचा आपला हट्ट शेवटी त्याच्या पाठीवरच्या पंपात जाऊन भरतो.

मग देवाला काय वाहायचं?

किडलेलं फूल देवाला वाहू नये, असं घराघरात सांगतात. मान्य. पण फूल अखंड हवं, आख्खं झाड निर्जंतुक हवं असं कुणी सांगितलेलं नाही. पंधरा कळ्यांतल्या चार अळीने घेतल्या, अकरा उरल्या. अकरा वाहा. एखाद्या दिवशी एकच उरलं तर एक. तेही नसेल तर तुळशीचं पान. नवव्या अध्यायात भगवंत स्वतःच सांगतात की पान, फूल, फळ, पाणी, काहीही चालेल, भक्तीने दे. त्यांनी मागणी इतकी कमी ठेवली आहे. आकडा आपण वाढवतो, फोटोत ताट भरलेलं दिसावं म्हणून. आणि त्या वाढवलेल्या आकड्यापायी अळीशी वैर धरून वर देवाचं नाव सांगतो.

पसायदानात माऊलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असं मागितलं, आणि सगळ्या भूतमात्रांमध्ये मैत्र मागितलं. बागेत याचा अर्थ मला असा लागतो : कीड शून्य करायची नाही, तिचा अतिरेक आवरायचा. थोडा मावा असला तर लेडीबर्ड राहते. थोड्या अळ्या असल्या तर शिंजीराची पिल्लं जगतात.

तर सुरुवातीचा प्रश्न. अळी मारली तर पाप का? माझं उत्तर असं : न बघता मारली, तर हो. सोपं पडतं म्हणून मारली, तरीही हो. देवाचं नाव पुढे करून मारली, तर जरा जास्तच. सगळं करून बघितलं, वाटा दिला, वाट पाहिली आणि तरीही झाड जगवण्यासाठी हात उचलावा लागला, तर तेव्हाही हिंसा झालीच. ती पंचसूनेतली सहावी समजायची, देणं म्हणून लिहून ठेवायची, आणि कुठेतरी फेडायची. सावलीत पक्ष्यांसाठी रोज बदललेलं पाणी, मधमाश्यांसाठी कुंडीत तुळस-सब्जा, अळ्यांसाठी कढीपत्त्याची ती एक फांदी. वैशाखाचं ऊन आता तापणारच आहे, पाण्याचं भांडं तरी आजच ठेवता येईल.

आजचा संकल्प : आज झाडावर जो जीव दिसेल, त्याला हात लावण्याआधी दोन मिनिटं बघायचं. तो कोण, काय खातो, त्याला कोण खातं, एवढं शोधायचं. बाकीचं उद्या ठरवू.

राम कृष्ण हरी!